सोड तेका

जुलै आला की माझी बायको रविवार संध्याकाळचे सगळे बेत रद्द करते. युरोपातली ती तीन आठवड्यांची सायकलशर्यत सुरू झाली म्हणजे मी टीव्हीसमोरून हलणार नाही आणि माझा मित्र मरोळहून मुलुंडला येऊन माझ्या शेजारी बसणार, हे तिला पाठ आहे. मग आम्ही दोघं, पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले, त्या डोंगरात घाम गाळणाऱ्या गोऱ्या पोरांना इथून अक्कल शिकवणार.

"अरे आत्ता कशाला सुटतोस गाढवा! अजून अख्खा घाट बाकी आहे!" हे ओरडणं माझं. तो ओरडत नाही. तो शेव खात एवढंच म्हणतो, "बघ, त्याचे खांदे हलायला लागले. गेला हा." आणि खरंच तो पोरगा दोन वळणांत मागे पडतो. मग मी चिडतो. माझा राग असाच, नाकाच्या शेंड्यावर. घरात सगळ्यांना सवय आहे.

आमच्या मागे खुर्चीत आई बसलेली असते. तिला आता कमी ऐकू येतं, पण डोळे शाबूत आहेत. शर्यतीतलं तिला फार कळत नाही, पण मतं भरपूर. "ह्या पोरांका कोण जेवक घालता की नाय? बरगडे दिसतत," ही तिची दरवर्षीची तक्रार.

सायकलच्या शर्यतीत टीम कशाला लागते, असं मला आजही ऑफिसात विचारतात. मी सांगतो, वाऱ्यासाठी. पुढचा माणूस वारा कापतो, मागचा त्याच्या चाकाला चाक लावून आडोशात राहतो आणि त्याची बरीच ताकद वाचते. म्हणून टीममध्ये एक जण जिंकायचा असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी वारा खायचे असतात. अनेक दिवसांची शर्यत असली की रोजच्या वेळांची बेरीज होते आणि ज्याचा एकूण वेळ सगळ्यांत कमी तो जिंकतो. वारा खाणाऱ्याचं नाव कुठे छापून येत नाही.

आमचीही एक टीम होती. पंचवीसेक वर्षं झाली त्याला. मुलुंडचा एक कारखाना रंगाच्या डब्यांची झाकणं बनवायचा, त्याच्या मालकाला सायकलचं वेड. तो आम्हाला महिन्याला मानधन द्यायचा, म्हणून आम्ही स्वतःला ऐटीत प्रोफेशनल म्हणवून घ्यायचो. आमच्या जर्सीवर छातीभर एक गोल झाकण छापलेलं होतं. दुसऱ्या टीमची पोरं आम्हाला 'झाकण' म्हणत. मुंबईत झाकण म्हणजे बिनडोक माणूस, हे सांगायला नको. वैताग यायचा यार, पण करतो काय.

आमचे मॅनेजर त्याच कारखान्यात सुपरवायझर होते, देवगडकडचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. शर्यतीत ते कारखान्याचा टेम्पो घेऊन मागून यायचे आणि टेम्पोच्या मागच्या भागात झाकणं खणखणत असायची. त्या आवाजानंच मामा आले हे कळायचं. कानात बोलायची यंत्रं वगैरे आमच्याकडे कुठली? मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून बोंबलायचे, आणि तेही मालवणीत, म्हणजे पुणेकर नि पंजाबी पोरांना डावपेच कळायला नकोत. टीममध्ये मालवणी समजणारा मी एकटाच. म्हणून मामांनी बाकीच्यांना तीन शब्द पाठ करून घेतले होते. 'वारो खा' म्हणजे पुढे ये आणि वारा कापायला लाग. 'लप' म्हणजे दुसऱ्याच्या चाकामागे गुपचूप बस. आणि 'सोड' म्हणजे जो पळून पुढे गेलाय त्याच्यामागे धावू नको, त्याला जाऊ दे. सरावात मामा शिट्टी वाजवून एकेक शब्द ओरडायचे आणि आम्ही शाळेतल्या कवायतीसारखं तसं करायचो.

हा माझा मित्रही त्याच टीममध्ये. तो तेव्हा गोवंडीला राहायचा. त्याचे वडील वाशीमकडून मुंबईत आलेले, घरात वऱ्हाडी बोलणं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. तो मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छापखान्यात कामाला होता. आमची ओळख बोरिवलीच्या नॅशनल पार्कात झाली, कान्हेरीच्या चढावर. मी त्याला मागे टाकलं, त्यानं मला मागे टाकलं, वर पोचल्यावर दोघंही उलटी येईपर्यंत खोकलो आणि दोस्ती झाली. दर रविवारी सकाळी कान्हेरीला जायचं, नाहीतर आरेतल्या चढउतारांवर घिरट्या घालायच्या, आणि मग जेवायला मुलुंडला आमच्याकडे. आई कुळथाची पिठी आणि भात वाढायची, वर सुका बांगडा भाजून. तो खाली मान घालून जेवायचा. आई मालवणीशिवाय दुसरं बोलायचीच नाही. ती मला म्हणायची, "तेका इचार, भात आणि व्हयो काय?" मी त्याला विचारायचो, "आई म्हणते, भात अजून हवा का?" तो मान डोलवायचा, मी आईला सांगायचो, "व्हयो म्हणता." असं माझं मधल्यामधे दुभाष्याचं काम वर्षानुवर्षं चाललं होतं. तो हसून म्हणायचा, "तुमचं ते तेका-माका आपल्याला काही झेपत नाही बुवा. आमचं आपलं त्याले-मले बरं."

त्या वर्षी सह्याद्रीतली चार दिवसांची शर्यत होती आणि मला ती कशीही करून गाजवायची होती. कारण साधं होतं. पहिल्या तिनात येणाऱ्याला एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या जागेवर नोकरी मिळायची शक्यता होती. बाबांची गिरणी बंद पडून जमाना झाला होता, ते एका सोसायटीच्या गेटवर बसत. माझं वय त्या जागेच्या मर्यादेला टेकलेलं. पुढच्या वर्षी पहिला आलो असतो तरी उपयोग नव्हता. मित्र माझ्याहून लहान, त्याच्या हातात अजून वेळ होता, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यालाही नोकरी हवी होती, नाही असं नाही. छापखान्यात रात्रपाळी करून कोण खूश असतो?

आता फॉर्म नावाची भानगड सांगतो. मी त्या शर्यतीसाठी वेड्यासारखी मेहनत केली. रोज चढ, रविवारी दुप्पट चढ. मामा सांगत होते, "मेल्या, आंबो पिकलो की खावचो. आडी उघडून उघडून बघशीत तर कुसतलो." अती मेहनतीनं अंग नासेल, असं त्यांना म्हणायचं होतं, पण मी कुणाचं ऐकतो? शेवटच्या आठवड्यातही येऊरच्या चढावर स्वतःला पिळून घेतलं. मित्राला त्याच आठवड्यात छापखान्यात कामाचा ढीग आला, दिवाळी अंक होते, त्याला सायकलला हात लावायला मिळाला नाही. तो रडकुंडीला आला होता, "माझी वाट लागणार रे." झालं उलटंच. त्याचे पाय आराम मिळून ताजेतवाने, आणि मी आतून उतरलेला. शर्यतीत हे पहिल्या दिवशी कळत नाही. पहिले दोन दिवस जिद्दीवर निघतात. तिसऱ्या संध्याकाळी मी एकूण वेळात तिसरा होतो, एक पुणेकर चौथा आणि माझा मित्र पाचवा, आणि आमच्या तिघांत अंतर म्हणाल तर शिंक येऊन जाईल एवढं. मामा खुशीत होते. मी मात्र रात्री जेवताना घास फिरवत बसलो होतो. जिना उतरताना कठडा धरावा लागला. कुणाला सांगितलं नाही. मित्रानं माझ्या ताटाकडे पाहिलं आणि स्वतःची चपाती संपवली.

चौथा दिवस पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वर. खाली उकाडा, वर थंडी, मध्ये लाल मातीच्या दरडी आणि संपता न संपणारी वळणं. आईनं निघताना दोघांना खाजं बांधून दिलं होतं, गुळात घोळलेलं, आल्याचा झणका असलेलं. तेच जर्सीच्या मागच्या खिशात. घाट सुरू झाला आणि पहिल्या काही वळणांतच मला कळलं की आज पाय नाहीत. पॅडल मारतोय पण ते दुसऱ्याच कुणाच्या पायांनी, असं वाटत होतं. पुणेकरानं एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. घाटातलं हे पाहणं फार वाईट. समोरचा तुमचं तोंड वाचतो आणि जे वाचतो ते बहुतेक खरं असतं. त्यानं गिअर बदलला, सीटवरून उठला आणि गेला.

माझ्या पुढे मित्र होता. त्याची पाठ मला आजही दिसते. काही हालत नव्हतं तिच्यात, खांदे शांत, श्वास नाकातून. तो त्या पुणेकराच्या मागे सहज गेला असता. त्याला गाठून, वर जाऊन, तिसरा आला असता. मी फक्त त्याचं मागचं चाक बघत होतो.

तेवढ्यात मागून झाकणं खणखणली. मामांचा टेम्पो आमच्या बाजूला आला. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मित्राच्या पाठीकडे पाहिलं, आणि डोकं बाहेर काढून मित्राला ओरडले, "सोड तेका! सोड!"

मला एका क्षणात समजलं. तेका म्हणजे मला. माझे पाय गेलेत, माझ्यासाठी थांबू नको, मला टाक आणि पुढे जा. मामांचं चूक नव्हतं. टीमचा एक माणूस तरी वर दिसायला हवा होता, नाहीतर मालक पुढल्या वर्षी टीमच गुंडाळणार होता. मी कसाबसा बोललो, "जा रे..."

त्यानं मान न वळवता उत्तर दिलं, "कळलं. सोड म्हणजे त्याले जाऊ दे. गेला तर जाऊ दे त्या पुणेकराला. तू चाक धर."

वाद घालायला माझ्याकडे श्वास नव्हता. आणि बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मामा बोंबलत राहिले, मागून गाड्या आल्या म्हणून टेम्पो मागे घ्यावा लागला, झाकणांचा आवाज खाली खाली गेला. मग मित्रानं खिशातलं खाजं काढलं, त्याच्या वाटचं, आणि मागे हात केला. "खा." मी खाल्लं. त्यानं वेग माझ्या श्वासावर ठेवला. मी धापा टाकायला लागलो की तो सावकाश व्हायचा, माझा श्वास लागला की किंचित वाढवायचा. प्रतापगडाच्या फाट्यावरून पुढे, जंगलातून वर, असं त्यानं मला ओढत नेलं. शेवटी माथ्यावरची उघडी सडक आली. तिथे समोरून असा वारा की सायकल मागे ढकलावी. पुणेकर एकटा पुढे, त्याला आडोसा कुणाचाच नाही. माझ्यापुढे मात्र माझ्या मित्राची पाठ. तो पूर्ण वाकून त्या वाऱ्यात घुसला आणि पुणेकर हळूहळू जवळ दिसायला लागला. शेवटच्या वळणावर मित्र बाजूला झाला, पार पिळून निघालेला, आणि ओरडला, "आता जा!" मी गेलो. पुणेकराला गाठलं नाही, पण एकूण वेळात माझा तिसरा नंबर केसभर अंतरानं राहिला. मित्र मागून कधीतरी आला. त्याच्या नंबराचं काय झालं ते मी त्या दिवशी विचारलंसुद्धा नाही.

मामांनी संध्याकाळी कपाळावर हात मारून घेतला. "माझीच चूक. मीच शिकवलंय सोड म्हंजे पुढच्याक सोड. आणि मीच भलत्याक सोड म्हणून आरडलंय. ह्या वऱ्हाड्याक 'तेका' खंय समाजतला!" सगळे खो खो हसले, मित्रही हसला. मला नोकरी लागली. पुढच्या वर्षी ती शर्यत झालीच नाही, पैसे घालणारा मिळाला नाही. मालकानंही टीम बंद केली. मित्र छापखान्यात राहिला, आज तिथे मशीनविभाग सांभाळतो, गुडघा दुखतो म्हणतो.

आणि 'सोड तेका' हा आमचा कायमचा विनोद झाला. माझ्या लग्नात मामांनी हा किस्सा सांगितला, घरभरणीला मी सांगितला, ऑफिसात तर कितीदा. मालवणी न कळणाऱ्या माणसामुळे माझं आयुष्य उभं राहिलं, असं म्हणून मी टाळ्या घ्यायचो. तो शेजारी बसून हसायचा. मामा गेले तेव्हा स्मशानातून परततानासुद्धा आम्ही तोच किस्सा काढला आणि रडता रडता हसलो.

यंदाच्या जुलैतली गोष्ट. रविवार, डोंगरातला मोठा टप्पा. टीव्हीवर एका टीमचा मुख्य गडी चढावर ढेपाळला होता. त्याचा मदतनीस, कोवळा पोरगा, सारखा मागे वळून बघत त्याच्यासाठी थांबत होता. टीमची गाडी बाजूला आली, काच खाली झाली, आतला माणूस हातवारे करून काहीतरी ओरडू लागला. मी म्हणालो, "बघ, आले यांचे मामा." मित्र हसला. मागून आई, जिला एरवी निम्मं ऐकू येत नाही, एकदम जोरात बोलली, "मेल्या, सोड तेका! तेचे पाय गेले. तू जा फुडे!"

मित्राची नजर टीव्हीवर होती, तोंडात शेव होती. तो तसाच मागे रेलून, तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणाला, "तेका सोडून खंय जातलो तो, काकी? मगे सांजचा जेवाण कोण वाढतली?"

आई हसली. मी हसलो नाही. मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"तुला मालवणी येते?"

त्यानं जीभ चावली. एवढा मोठा बाप्या, लहान मुलासारखी जीभ चावली त्यानं. आईनं माझे ओठ वाचले असावेत. ती म्हणाली, "येता म्हंजे? तेका सगळा समाजता. पयल्यापासून. तू न्हावक गेलंस की आमी गजाली मारूं. तूच आपलो मधी मधी बोलतंस."

"म्हणजे घाटात," मी म्हणालो.

तो टीव्हीकडेच बघत राहिला. "तेका आणि त्याले, यात असा काय मोठा फरक आहे रे? आणि मामा बोलले तेव्हा बघत कुणाकडे होते? तुझ्याकडे. आंधळ्यालापण कळलं असतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" मी ओरडलो. खरंच संतापलो होतो. बायको आतून धावत आली. "मी जगभर तुझी टिंगल केली! माझ्या लग्नात! तू नुसता हसत बसलास!"

"तुला सांगायचं?" तो पण चढ्या आवाजात म्हणाला, आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा. "तुझा स्वभाव मला माहीत नाही? तू दुसऱ्या दिवशी त्या खात्यातल्या साहेबाच्या तोंडावर नोकरीची ऑर्डर फेकून आला असतास. मला नको दुसऱ्याची नोकरी म्हणाला असतास. आणि काका मरेपर्यंत गेटवर बसले असते." मग आवाज उतरवून, "कसलं सांगतोस. बघ ना शर्यत, तो पोरगा थांबला बघ."

टीव्हीवर खरंच तो पोरगा थांबला होता. गाडीतला माणूस अजून हात हलवत होता. मला समोरचं नीट दिसेना, डोळे भरून आले होते. त्यानं सांगितलं ते शब्द न् शब्द खरं होतं. मी ती ऑर्डर फेकलीच असती. माझं घर, पोरांची शिक्षणं, बाबांचे शेवटचे निवांत दिवस, हे सगळं या माणसानं 'मालवणी कळत नाही' म्हणून माझ्या हातात ठेवलं होतं, आणि वर मी त्याला दुभाष्या बनून भात हवा का विचारत होतो.

शर्यत कोण जिंकलं ते मला आठवत नाही. बायकोनं पानं घेतली. पिठी-भात होता, रविवार म्हणून. आई नेहमीच्या जागी बसली आणि तिनं त्याच्याकडे बघून विचारलं, "पिठी आणि व्हयी?"

सवयीनं माझं तोंड उघडलं, 'आई म्हणते' एवढं ओठांवर आलं, आणि मी ते मिटलं. त्यानं ताट पुढे केलं. "व्हयी, काकी."

मी उठलो, बायकोच्या हातातला डाव घेतला आणि त्याच्या भातावर पिठी वाढली. एक डाव, मग दुसरा. त्यानं ताटावर हात आडवा धरला. "बस रे, सोड आता."

मी त्याचा हात बाजूला केला आणि वाढत राहिलो.